चार पावलांना एक खडा

मोखाड्यात कुणी घर बांधलं, की दाराला तोरण लागायच्या आत आळीतल्या शेळ्या अंगणात हजर होतात. त्यांना आमंत्रण लागत नाही. दोन दिवसांत वांग्याची रोपं फस्त झाली, तुळस बोडकी झाली, की घरधनी कपाळाला हात लावतो आणि चौकात येऊन विचारतो, लाडक्या कुठं भेटेल?

लाडक्या राहतो सूर्यमाळच्या अंगाला, एका पाड्यावर. पण तिथवर चढून जायची गरज नाही. त्या बाजूच्या कुठल्याही जीपवाल्याकडे निरोप ठेवला की पुरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो दारात उभा असतो. खाकी सदरा, खांद्यावर टॉवेल, आणि कमरेला खड्यांची पिशवी.

ही पिशवी म्हणजे त्याची सगळी शाळा. खरी शाळा त्यानं दुरून पाहिली, तीही तिच्या कुंपणाचं काम करताना. पिशवीत नदीच्या पात्रातले काळे गुळगुळीत खडे आणि मूठभर चिंचोके. गिऱ्हाइकानं हद्द दाखवली की लाडक्या एका कोपऱ्यावर उभा राहतो, जमिनीला हात लावून कपाळाला लावतो आणि चालायला लागतो. चार पावलं पडली की एक खडा पिशवीतून सदऱ्याच्या खिशात. चार पावलं म्हणजे दहा फूट, आणि दहा फुटांना एक खांब. कोपरा आला की खड्याऐवजी चिंचोका, कारण कोपऱ्याच्या खांबाला दोन बाजूंनी टेकू द्यावे लागतात, नाहीतर तार ताणली की तो आत झुकतो. फेरी पुरी झाली की लाडक्या थेट नितीनच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन खिसा काउंटरवर पालथा करतो. नितीनच्या वडलांपासून हा रिवाज आहे. खडे तितके खांब, चिंचोक्याला तीन, आणि पाच पदरी तार ओढायची तर अकरा खड्यांना एक बंडल. नितीन मोजून यादी करतो. यादीवर लाडक्या नजरही टाकत नाही. त्याची यादी काउंटरवर पडलेलीच असते.

आणि माप कसं, तर काम संपल्यावर त्याच्या हातात वीत-दोन वीत तार उरणार. त्या तुकड्याचा तो एक आकडा वळवतो आणि फाटकाजवळच्या खांबाला अडकवून देतो, पिशवी टांगायला. मोखाड्यात आणि जव्हारच्या अलीकडच्या पाच-सहा गावांत असे आकडे शंभरावर असतील. ज्या कुंपणाला आकडा आहे ते लाडक्याचं.

एकदा एका तरुण इंजिनियरनं टेप लावून त्याला खोटं पाडायचं ठरवलं होतं. जमीन उताराची, मधे घळ. इंजिनियरचा टेप या काठावरून त्या काठावर हवेतून ताणलेला. लाडक्याचे दोन खडे जास्त आले. इंजिनियर हसला. लाडक्या म्हणाला, “साहेब, शेळी हवेतून नाय येत, घळीतून येते.” शेवटी तार लाडक्याच्या हिशेबानंच लागली. हा किस्सा त्यानं स्वतः किती वेळा सांगितला याची मात्र मोजदाद कुणी ठेवलेली नाही. आपल्या पावलाचा त्याला गर्व होता. गर्व करण्यासारखं त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते खरं होतं, म्हणून कुणाला तो टोचतही नसे.

त्याची बायको सुकरी. अंगानं उंचपुरी, नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच. लग्नात पाड्यानं या चार बोटांची यथेच्छ चेष्टा केली होती. त्याच वर्षी पहिल्यांदा माहेरी जाताना मधे शेवाळलेला कातळ लागला. दोन्हीकडे निसरडं, खाली ओढा. लाडक्या तिला म्हणाला, “मपलं पाऊल पडंल तिथंच तुझं टाक.” तिनं टाकलं आणि कातळ सुखरूप ओलांडला. पण ते वाक्य काही तिथं संपलं नाही. पुढची चाळीस वर्षं सुकरी त्याच्या मागून, त्याच्या पावलांत पाऊल टाकत चालत राहिली. बाजाराला, रानात, लग्नाकार्याला. बाईनं मागूनच का चालायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण पायवाटच एका माणसाच्या रुंदीची, आणि तिला विचारायला तेव्हा कुणी गेलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी, नागलीची लावणी चालू असताना, लाडक्या उतारावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. चौघांनी त्याला डोलीत घालून जीपपर्यंत आणलं. जव्हारच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, मग घरी अंथरूण, मग काठी. होळीच्या दिवशी त्यानं ती काठी होळीत टाकली, सगळ्या पाड्यासमोर, आणि असा हसला की पोरंटोरं टाळ्या पिटायला लागली. सुकरीही हसली. तिनं दुसऱ्या दिवशी पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभर कुंपणाचं काम आलं नव्हतं. यंदा थंडी सरता सरता तुळशीदास मास्तरांचा निरोप आला.

मास्तर दाभोशाकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी जयवंतीबाई पंचायत समितीत कारकून. दोघांनी मोखाड्याच्या कडेला, नोकरदारांच्या नव्या वस्तीत घर बांधलं. फाटकासाठी विटांचे दोन खांब बांधून तयार होते, बाकी तिन्ही-चारही बाजू उघड्या. ओळीत आणखी पाच प्लॉट, सगळ्यांचीच कुंपणं व्हायची होती. शेजारच्या प्लॉटची वर्षा, दवाखान्यातली नर्स, तिनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, “मास्तरांचं झालं की माझं.” एका माणसानं मोबाईलवर बोट फिरवून प्लॉट मोजता येतो असंही सुचवलं होतं. मास्तरांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, “लाडक्या असताना मोबाईल कशाला?”

लाडक्याच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याची छाती फुगली, आणि आत कुठंतरी धडधडही झाली. पडल्यानंतरचं हे पहिलं काम. लोक बघणार होते. पाऊल टिकलं तर लाडक्या टिकला. नाहीतर पाड्यावर बसून विड्या वळणारा आणखी एक म्हातारा. ठरल्या दिवशी तो प्लॉटच्या कोपऱ्यावर जमिनीला हात लावून निघाला आणि फेरी पुरी करून परत आला. खडे आणि चिंचोके मिळून पंचावन्न.

“प्लॉट मोठा आहे हो,” मास्तर कौतुकानं म्हणाले.

“दिसतो त्यापरीस मोठा,” लाडक्या म्हणाला. त्याला स्वतःला चाळीस-पंचेचाळीस वाटले होते. पण डोळा चुकतो, पाऊल चुकत नाही, हे तर तोच जगाला सांगत आला होता.

खांब आले, तारेची पाच बंडलं आली. लाडक्याबरोबर मंगळू होता, त्याचा पंचवीस वर्षांचा जोडीदार. पहार मंगळूची, खूण लाडक्याची. चार पावलं चालायची, टाच रोवायची, तिथं मंगळूनं खड्डा घ्यायचा. आठवडाभर खड्डे चालले. शेवटचा खांब बरोबर शेवटच्या खड्ड्यात गेला, आणि लाडक्यानं मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तरांनी न विचारताच मान डोलावली.

मग तार. पहिला पदर, दुसरा, तिसरा. बाजाराचा दिवस होता. सुकरी भाजी विकून तिथंच आली होती आणि सावलीत रिकामी पाटी घेऊन बसली होती. चौथं बंडल संपत आलं तेव्हा पाचवा पदर शेवटच्या खांबाला टेकला. मंगळूनं तार गुंडाळली, कापली. मग तो वळला आणि दोघांनीही एकदमच पाहिलं. पाचवं बंडल भिंतीशी जसं आलं तसं पडलं होतं, वरची सुतळीसुद्धा न सुटलेलं.

“दुकानदारानं बंडलं मोठी धाडली का काय?” मंगळू म्हणाला.

“दुकानदार जास्त देईल?” लाडक्या म्हणाला. “कमी दिलं म्हन, इस्वास ठेवीन.”

त्यानं पदर मोजले. पाचच होते. पुन्हा मोजले. मास्तर जवळ येऊन हसत म्हणाले, “उरलं तर उरलं, परत करू. कमी नाही पडलं ना?” मास्तर मनापासून बोलले, आणि तेच लाडक्याला जास्त लागलं. कुणी भांडलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं.

जयवंतीबाई मात्र कचेरीतल्या. त्या आतून शिवणाची फीत घेऊन आल्या आणि दोन खांबांमधलं अंतर मोजायला लागल्या. फीत लहान, म्हणून पुन्हा पुन्हा लावून. एक गाळा, दुसरा, तिसरा.

“लाडक्यादादा, आठ फूट आहे. तुम्ही तर दहावर खांब म्हणाला होतात.”

“फीत आक्रसली असंल, बाई. कापडाचीच ती.”

जयवंतीबाई हसल्या नाहीत. त्यांना माणूस कळत होता. त्या फीत गुंडाळत म्हणाल्या, “असेलही,” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

लाडक्यानं आकडा केला नाही. वळवायला तुकडा नव्हताच, आख्खं बंडल होतं. तो एका गाळ्यात उभा राहिला आणि चार पावलं चालला. या खांबापासून त्या खांबापर्यंत बरोबर चार, ना अर्धं इकडे ना तिकडे. पावलानं सांगितलेलं आणि पावलानंच रोवलेलं, ते जुळणारच. तारेला मात्र त्याचं पाऊल ठाऊक नव्हतं. चहा न घेताच तो निघाला. सुकरी पाटी उचलून मागून निघाली.

दोघं जीपनं निघाले. उतरल्यावर पाड्याची वाट सुरू झाली. दिवस अजून मावळला नव्हता. वाटेवर उन्हाळ्याची धूळ पडायला लागली होती. तो पुढं, ती मागं. थोडं चालल्यावर तो थांबला.

“सुकरे, तू पुढं हो.”

“मपलं पुढं काय काम?”

“हो म्हनलं ना.”

ती पुढं झाली. पहिली वीस-तीस पावलं ती जपून चालली, एकदा मागंही पाहून घेतलं. पण डोक्यावर पाटी, घरी शेळी बांधलेली, चूल पेटवायची. माणूस किती वेळ ध्यानात ठेवणार? हळूहळू तिचे पाय आपल्या चालीला लागले. करवंदीच्या वळणापाशी ती पोचली तेव्हा लाडक्या अर्ध्या वाटेतच होता. तिनं वळून पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली. पाटी उतरवून तिनं खाली ठेवली.

लाडक्या घाई न करता तिच्यापर्यंत आला.

“कव्हापास्न?”

“होळीपास्न,” ती म्हणाली.

“वरीस झालं.”

“झालं.”

वर्षभर ती त्याच्या मागून तशीच चालत होती, त्याच्या लहान झालेल्या पावलात आपलं लांब पाऊल कोंबून. चाळीस वर्षं मागं जितकं अंतर होतं तितकंच राखून. म्हणून त्याला कधी काही कळलं नाही. माणसाला आपली चाल मागच्याच्या पावलांवरून कळते, आणि मागची तर बरोबरच होती.

“फसवलंस मला,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “वरीसभर. जगात मपलं हसं झालं. मास्तराच्या हद्दीत अकरा खांब जास्तीचे हुभे हायत, जल्मभर ऱ्हातील. एक शब्द बोलली असतीस तर?”

“काय बोलणार व्हते? तू काठी टाकली तव्हा हसलास,” ती म्हणाली. “आठ म्हैन्यांत पहिल्यांदा. मंग मी काय सांगू, का तुझं पाऊल गेलं?” मग म्हणाली, “फसवलं नाय. मागं ऱ्हायले, एवढंच.”

लाडक्या दगडावर बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. पाऊल गेल्याचं दुःख होतंच. पण ही बाई वर्षभर रोज, पाणी आणताना, सरपण आणताना, आपल्यासाठी पाय आखडून चालली, हे त्याच्यानं सोसवेना. सुकरी त्याच्या शेजारी बसली नाही. ती उभी राहिली आणि दुसरीकडे, डोंगराकडे पाहत राहिली. रडणाऱ्या माणसाला बघू नये एवढं तिला समजत होतं.

बऱ्याच वेळानं त्याची नजर वाटेवर गेली. ती ज्या वाटेनं आली तिथं धुळीत तिची अनवाणी पावलं उमटली होती. तो उठला, मागं गेला, एका पावलात आपली टाच ठेवली आणि दुसऱ्यापर्यंत पाय टाकायला गेला. पाय पोचला नाही. खुब्यात कळ आली. पण त्या दोन पावलांमधलं अंतर त्याच्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षं तो त्यावर जगला होता. त्यानं कमरेची पिशवी सोडली आणि चार पावलं मोजून एक खडा ठेवला, पुढच्या चार पावलांना दुसरा, मग तिसरा. मग वाटेकडेच्या कारवीच्या झुडपाची एक लांब काठी मोडून दोन खड्यांमधलं अंतर घेतलं, पुढच्या दोनांशी ताडून पाहिलं. तसूभर फरक नव्हता.

“सुकरे,” तो म्हणाला, “ह्ये मपलं पाऊल हाय.”

“तूच दिलं, त्या कातळावर,” ती म्हणाली आणि पाटी उचलली. “चल, शेळी वरडत असंल.”

दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या जीपनं मोखाड्याला आले. लाडक्या मास्तरांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, फीत खरी व्हती. चूक मपल्या पावलाची. तुमच्या कुंपणात अकरा खांब जास्ती हायत. काढून देतो.” हे वाक्य त्यानं वाटभर घोकलं होतं.

मास्तर काही बोलायच्या आत जयवंतीबाईच पुढं झाल्या. “काही काढायचं नाही. दाट आहे तेच बरं, वालाचे वेल चढवीन मी.” मग सुकरीकडे पाहून त्यांनी विचारलं, “आज बाईंनाही आणलंत?”

“माप तिच्याकडं हाय,” लाडक्या म्हणाला.

सुकरी चालायला तयार होईना. लोकांच्या दारात, लोकांच्या देखत, आणि नवऱ्याच्या पुढं? मंगळू हसून भिंतीकडे वळला. शेवटी तिनं पदर खोचला, फाटकाच्या खांबापाशी उभी राहिली, जमिनीला हात लावला आणि निघाली. मास्तरांच्या हद्दीवरून, नव्या तारेला लागून, एक फेरी. लाडक्या मागून पावलं मोजत आणि खडे खिशात टाकत. परत आल्यावर त्यानं ओट्यावर खिसा पालथा केला. मास्तरांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मोठ्यानं अंक मोजले. खडे आणि चिंचोके मिळून चव्वेचाळीस झाले.

चव्वेचाळीसला चार बंडलं. लाडक्यानं पाचव्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम हसू आलं.

कुंपणाच्या बाहेर वर्षा उभी होती. ड्यूटीला निघाली होती, हातात डबा. “आता माझं?” ती म्हणाली.

तिचा प्लॉट उताराचा, खालच्या अंगाला दगड. सुकरी या वेळी जास्त आढेवेढे न घेता निघाली. वरची बाजू झाली, कोपऱ्यावर चिंचोका पडला, आणि उतार लागला तशी तिची चाल मोकळी झाली. लाडक्या मागं पडायला लागला. खुबा दुखत होता, मोजताना धाप लागत होती, आणि ती लांब लांब पावलं टाकत पुढंच चालली होती.

“सुकरे,” तो ओरडला, “जरा आखूड टाक पाऊल, मला गाठू दे.”

ती थांबली नाही, तिनं मागंही पाहिलं नाही.

“आता नाय,” ती म्हणाली. “माप चुकंल.”

लाडक्या हसला, मुठीतला खडा खिशात टाकला आणि आपल्या लहान पावलांनी तिच्या मागून निघाला.